सात नंबरचा रंग

३ जानेवारी

या दोन हातांनी आजवर केलेलं, मोजून —

हृदयं २१४ (उघडणारी १६०, न उघडणारी ५४). कान ९७. डोळे ३०२, जोडी धरायची नाही, एकेक. मूत्रपिंडं ८८. कवट्या ४१, सगळ्यांचे दात सुटे निघणारे. पायाचे पंजे ३६. जबडे सुरुवातीला मोजले नव्हते, सत्तरेक असतील. अंदाज आहे म्हणून यादीत धरत नाही. गर्भाशय एक, पण नऊ टप्प्यांचं. त्याला चौदा महिने लागले. शिवाय या खोलीतलं टेबल, दोन्ही कपाटं, साच्यांच्या फळ्या, रंग मोजायचा तराजू, आणि ज्या खुर्चीत बसून हे लिहितोय ती खुर्ची.

शिकलो कुणाकडे? कुणाकडेच नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलं, वाचनालयातलं पुस्तक उघडं ठेवलं आणि प्लास्टर कालवलं. पहिली अकरा फेकून दिली. बारावं विकलं गेलं.

आज यादी करायचं कारण — मेडिकल कॉलेजकडून मोठं काम आलं. शरीरातल्या अंतःस्रावी ग्रंथी दाखवणारी पूर्ण उंचीची बाईची मूर्ती. डावी बाजू उघडी, आतलं सगळं दिसणारी. उजवी बाजू कातडीसकट, हात पुढे, तळवा वर. त्या विभागाच्या मुख्य डॉक्टरबाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, ग्रंथी मुलांना चित्रात कळतात, शरीरात सापडत नाहीत.

मी ग्रंथी कधीच केलेल्या नाहीत. एकही नाही. बरं वाटलं. या वयात कोरी पाटी मिळणं काही सोपं नाही.

६ जानेवारी

दिवसभर वाचनालयात.

मला वाटायचं ग्रंथी म्हणजे लाळेच्या असतात तशा, नळी असलेल्या. या तशा नाहीत. नळीच नाही! तयार केलेला रस सरळ रक्तात सोडून मोकळ्या. तेच ते हार्मोन. पुस्तकात संप्रेरक लिहिलंय. रक्त सगळीकडे जातं, म्हणजे माल सगळ्यांच्या दारात जातो. मग ज्याचा त्यालाच कसा मिळतो? दोन तास यावर घालवले. शेवटी कळलं ते असं : बसस्थानकावर घोषणा होते. ऐकू सगळ्यांना येते. उठतो तो फक्त त्या गाडीचा प्रवासी.

हे पुस्तकात नाही. हे माझं.

९ जानेवारी

वजनं. थायरॉइड वीस ग्रॅम. मेंदूखालची पिट्युटरी अर्धा ग्रॅम, वाटाण्याएवढी, आणि बाकीच्यांतल्या बऱ्याच जणींना हुकूम सोडणारी तीच. थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या चार परावटू, मसुरीच्या दाण्याएवढ्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या दोन अधिवृक्क, चार-पाच ग्रॅमच्या. मातीचे गोळे करून तराजूत ठेवले. सगळे मिळून माझ्या मुठीत मावले आणि मूठ मिटली.

बायको केर काढायला आली होती, तिला मूठ उघडून दाखवली. म्हणाली, "एवढ्याशा गोळ्यांवर माणूस चालतो? मग माझ्यातली एखादी हरवली असणार, मला तर जिना चढवत नाही." आणि केर तसाच टाकून माझ्या खुर्चीत बसली. मला उभं राहून काम करावं लागलं.

१४ जानेवारी

अधिवृक्क. यांत मजा आहे. मला वाटलं होतं जोडी म्हणजे एक साचा उलटा करून दोन होतील. नाही. उजवी त्रिकोणी, टोपीसारखी. डावी चंद्रकोरीसारखी, मूत्रपिंडाच्या कडेनं घसरलेली. दोन साचे करावे लागणार. डॉक्टरबाईंनी फोनवर सुचवलं की मागच्या बाकावरून दिसाव्यात म्हणून थोड्या मोठ्या करा. नाही म्हणालो. मुलांना पुढे बसवा म्हटलं. त्या हसल्या, पण मान्य केलं.

काम यांचं दुहेरी. आतला गर भीतीच्या वेळी रस सोडतो — छाती धडधडते तो. बाहेरची साल जास्त मोलाची. शरीरातलं मीठ धरून ठेवणं, रक्ताचा दाब पडू न देणं, आजारपणात अंगाला उभं ठेवणं. गर गेला तर माणूस निभावतो, साल गेली तर मरतो. सालीचा रंग पिवळसर, गराचा तांबूस तपकिरी. दोन्ही रंग जमले.

जेवताना बायकोनं काकडीवर इतकं मीठ घातलं की काकडी पांढरी दिसायला लागली. म्हटलं, काकडी खातेस की मीठ? तर तळहातावर उरलेलं मीठही चाटून टाकलं. लहान मुलासारखं.

२० जानेवारी

मेहुणी आली होती. तिला मी तोफ म्हणतो; समोरही म्हणतो. दारातूनच सुरू — ताई, काळवंडलीस किती, भाऊजी तुला गच्चीवर वाळत घालतात की काय! बायको म्हणाली, वय. मेहुणी म्हणाली, वय मलाही आहे, मी नाही काळी पडले. मग मला सुनावलं की माणसाकडे बघायला वेळ नसेल तर निदान मूर्ती म्हणून बघत जा.

मी म्हटलं, बघतो तर. मूर्तीचा हात हिच्याच हातावरून रंगवणार आहे.

२७ जानेवारी

रंग बसत नाही.

माझ्याकडे कातडीच्या रंगाची बावीस कार्डं आहेत, प्रत्येकावर नंबर आणि मागे प्रमाण. सात नंबर म्हणजे बायकोचा उजवा हात, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेला. एकोणीस वर्षं बाईचा हात, चेहरा, छाती, काहीही करायचं असलं की सात नंबर. पांढरा ४० भाग, पिवळी माती १४, गेरू ९, निळा १. डोळे मिटून करतो.

आज तिला खिडकीशी बसवलं, नुसती खात्री म्हणून ताजा सात नंबर तिच्या मनगटाशी धरला. फिका! एका पायरीनं नाही, तीन पायऱ्यांनी. पुन्हा मोजून केला. पुन्हा फिका. तिसऱ्यांदा केला.

पांढऱ्यात भेसळ आहे.

२८ जानेवारी

रंगवाल्याकडे गेलो. चोवीस वर्षांचा व्यवहार. डबा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, यात काय मिसळलंयस? त्यानं शांतपणे नवा डबा फोडला, दोन्हींचे फराटे शेजारी शेजारी मारले. एकसारखे. मग म्हणाला, "डबा माझा आहे, दादा. डोळे तुमचे आहेत."

दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांसमोर.

१ फेब्रुवारी

डोळे तपासून घेतले. कुणाला सांगितलं नाही. मोतीबिंदू वाढला की रंग पिवळट दिसतात असं वाचलंय. तपासणाऱ्या मुलीनं रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, बारीक छटा ओळखायला लावल्या. सगळ्या ओळखल्या. म्हणाली, तुमच्या वयाचं इतकं नीट कुणी सांगत नाही.

जाता जाता रंगवाल्याच्या दुकानावरून गेलो. आत गेलो नाही. नुसता गेलो.

३ फेब्रुवारी

उलगडलं. रंग बरोबर, डोळे बरोबर, म्हणजे चूक कार्डात. एकोणीस वर्षांत कार्ड विटलं असणार. पत्र्याच्या पेटीत ठेवलं तरी विटतंच. प्रमाण लिहिलंय ते तेव्हाच्या गेरूचं, आताचा गेरू वेगळ्या खाणीतला असेल. सरळ हिशोब आहे. तीन वस्तू : रंग, डोळा, कार्ड. दोन तपासल्या, उरली ती चूक. उद्यापासून सात नंबर नव्यानं.

४ फेब्रुवारी

नवा सात नंबर : पांढरा ३१, पिवळी माती १५, गेरू १३, निळा २.

तिला चार तास खिडकीशी बसवलं. बोटांच्या सांध्यांवर आणखी गडद पडतो, तिथे गेरू १६. आणि तळहाताच्या रेषा — त्या नुसत्या खोलगट नाहीत, त्यांत तपकिरी रंग आहे, पेन्सिलीनं ओढल्यासारखा. एकोणीस वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. कुठल्या कारागिरानं तळहाताच्या रेषा वेगळ्या रंगानं भरल्यात? मी पाहिलेल्या एकाही मूर्तीत नाहीत. नजर अशी तयार होत जाते.

आजच्यासारखं काम दहा वर्षांत झालं नाही.

१२ फेब्रुवारी

बायकोला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं, कारण सकाळी उठताना भिंत धरते. वजन ५५, मागच्या उन्हाळ्यात ६१ होतं, मला आठवतं, कारण माझंही त्याच दिवशी केलं होतं. डॉक्टरनं ताकदीचं बाटलीतलं औषध दिलं आणि वयोमानाप्रमाणे होतं म्हणाला. तिचं वय ४७. बाटली ती घेते आणि तोंड वाकडं करते. चव गोड आहे. तिला गोड आता नकोच असतं.

२० फेब्रुवारी

मूर्ती पुरी झाली. शेवटची परावटू चिमट्यानं बसवली तेव्हा श्वास धरला होता.

बायको मेहुणीकडे गेली, बसनं चार तास. मेहुणी घर बदलतेय, सामान बांधायला बहीण हवी. जाऊ नको म्हणालो असतो, पण वॉर्निश वाळेपर्यंत घरात कुणी नसलेलं बरं. धूळ उडत नाही.

२३ फेब्रुवारी

उद्या डॉक्टरबाई पाहायला येणार. खोली दोनदा पुसली.

२५ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. हे गाव मेहुणीचं. कालचं सगळं क्रमानं लिहून काढतो, नाहीतर डोक्यात राहणार नाही.

डॉक्टरबाई अकराला आल्या. साठीच्या, बुटक्या, चप्पल काढून आत आल्या. मी मापाची कैची, म्हणजे कॅलिपर, शेजारी ठेवली होती, मोजायचं तर मोजा म्हणून. त्यांनी डावी बाजू पाहिली. पिट्युटरी, थायरॉइड, दोन्ही अधिवृक्क. उजवी त्रिकोणी आणि डावी चंद्रकोरीसारखी पाहून म्हणाल्या की हे छापील चित्रांतही चुकतात. मी ऐकत राहिलो.

मग त्या उजव्या बाजूला आल्या आणि मूर्तीचा हात धरून पाहत उभ्या राहिल्या. फार वेळ. ग्रंथींकडे पुन्हा वळल्याच नाहीत. मला वाटलं आता रेषांचं कौतुक होणार.

विचारलं, या रेषा अशा का भरल्या? मनानं?

मी जरा चिडलो. म्हटलं, मी मनानं काही रंगवत नाही, माझ्या बायकोचा हात आहे, चार तास बसवून मिळवलेला रंग आहे.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी आपला साक्षीदारासारखा उत्तरं देत गेलो. वजन? सहा किलो उतरलंय. उठताना? भिंत धरते. थकवा? जिना चढवत नाही म्हणते. हिरड्यांवर, ओठांच्या आत काळे डाग? ते पाहिलेलं नाही. खाण्यात काही बदल? काही नाही, म्हटलं, मीठ तेवढं फार खाते.

डॉक्टरबाईंनी मूर्तीचा हात सोडला.

"तुम्ही ग्रंथी निरोगी केल्यात आणि हात आजारी," म्हणाल्या. "त्या कुठे आहेत? आत्ता, या क्षणाला?"

फोन लावला. मेहुणीनं उचलला. म्हणाली, कालपासून ताईला उलट्या होताहेत, पोटात काही टिकत नाही, झोपू दे म्हणते, मघाशी उभी केली तर घसरली, सामानाच्या धुळीनं झालं असेल. मी म्हटलं, बरं — आणि डॉक्टरबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. आवाज न चढवता बोलल्या. झोपू देऊ नका, आत्ता गाडीत घाला, हॉस्पिटलात पोचलात की सांगा की अधिवृक्क बंद पडल्यात असा संशय आहे, तिथल्या डॉक्टरांना मला फोन करायला लावा. मेहुणीनं बहुतेक उद्या चालेल का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या नाही. उद्या त्या नसतील."

हे मी तिथेच उभा राहून ऐकलं. हातात वॉर्निशचं फडकं होतं.

चार तास बसमध्ये. काय पाहिलं ते आठवत नाही, मला — ज्याला सगळं आठवतं.

पोचलो तेव्हा रक्ताचा दाब पुन्हा वर यायला लागला होता. आणली तेव्हा ७० आणि ४० होता. शिरेतून मिठाचं पाणी, आणि ज्या सालीला मी पिवळसर रंग दिला त्या सालीत तयार होणारा रस — सुईनं. दोन तासांत तिनं डोळे उघडून बहिणीला सामान बांधून झालं का विचारलं म्हणे.

तोफ माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

२७ फेब्रुवारी

तपासण्या आल्या. रक्तात मीठ कमी, आणि तो सालीचा रस जवळजवळ नाहीच. सुई देऊन अर्ध्या तासानं आणि तासानं पुन्हा रक्त घेतलं. ग्रंथीला उठवायची सुई. उठली नाही. तिच्याच शरीरानं तिच्याच ग्रंथी परक्या समजून मोडून काढल्या, महिनोन् महिने, हळूहळू.

ही वही पिशवीत होती. मागे जाऊन वाचली. जिना — ९ तारीख. मीठ — १४. मेहुणीचं बोलणं — २०. रंग — २७. रेषा — ४ फेब्रुवारी. भिंत आणि वजन — १२. सगळं माझ्या अक्षरात, तारखेसकट. १४ तारखेला तर एकाच पानावर, वर लिहिलंय की ही ग्रंथी मीठ धरून ठेवते, खाली लिहिलंय की बायको मीठ चाटते. मध्ये दोन बोटांचं अंतर.

आणि तीन वस्तूंचा तो हिशोब. रंग, डोळा, कार्ड. चौथी वस्तू समोर बसली होती.

२ मार्च

एक प्रश्न सुटत नव्हता — ग्रंथी पोटात मेली तर कातडी का रंगावी? डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. त्यांना बरं वाटलं असावं, सविस्तर सांगितलं.

ते असं. वरची वाटाण्याएवढी पिट्युटरी अधिवृक्कांना हुकूम सोडते : रस करा. रस आला की ती गप्प बसते. आता रस येतच नाही. मग ती आणखी मोठ्यानं सांगते, आणखी मोठ्यानं, दिवसरात्र. खाली ऐकायला कुणी उरलेलं नाही. पण हा हुकूम ज्या पदार्थाचा बनतो तो कातडीला रंग भरायला सांगणाऱ्या निरोपाचा सख्खा नातलग आहे. हाका मारल्या कुणाला, आणि उठली कातडी.

म्हणजे मी चार तास बसून जो रंग मिळवला, तो रंग नव्हता. हाका होत्या.

इतकी सुंदर रचना मी पाहिलेली नाही. बायको शेजारच्या खोलीत सुया लावून पडलेली असताना हे लिहावंसं वाटतं याची लाज वाटते. पण वाटतं.

११ मार्च

घरी. गोळ्या जन्मभर. सकाळी मोठी, दुपारी लहान, संध्याकाळी त्याहून लहान — निरोगी ग्रंथीही सकाळीच जास्त काम करते म्हणून. मीठ धरणारी दुसरी गोळी वेगळी. ताप आला तर डोस दुप्पट. उलटी झाली तर सुई, आणि ती मला देता आली पाहिजे. संत्र्यावर सराव केला, मग स्वतःच्या मांडीवर मीठपाण्याची.

लाकडाची पेटी केली, एकवीस कप्प्यांची, झाकणं सरकती. बायकोनं पाहिली, म्हणाली, "गोळी हलू नये म्हणून माप घेतलंत ना नीट?" घेतलं होतं. अर्धा मिलिमीटर सैल.

१५ मार्च

रंगवाल्याकडे जाऊन माफी मागितली. त्यानं काय झालं ते सगळं ऐकून घेतलं, मग पांढऱ्याचा डबा बांधून दिला, आणि वहिनींना बरं वाटू दे म्हणाला. डोळ्यांचं काढलं नाही. मोठा माणूस.

६ एप्रिल

वजन ५८. जिना एका दमात.

रंग उतरायला लागलाय! सांध्यांवरचा आधी. पिट्युटरीला उत्तर मिळालं, हाका थांबल्या. दर रविवारी कार्ड करून उतार नोंदवायचा असं ठरवलं आणि तिला खिडकीशी बोलावलं. ती आली नाही. स्वयंपाकघरातून म्हणाली, हात बघायचा असेल तर आधी कशी आहेस ते विचारायचं. मग उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मग हात.

विचारलं. उत्तर वीस मिनिटं चाललं. त्यात तिच्या भावाच्या जुन्या भांडणाचाही भाग होता. थांबलो.

२० एप्रिल

डॉक्टरबाई मूर्ती न्यायला आल्या. मी हात पुन्हा रंगवायची तयारी केली होती; चुकीचा माल मी देत नाही. त्या म्हणाल्या, याला कुंचला लावू नका. असा हात मुलांना आयुष्यात एखादेवेळी दिसतो, आणि दिसतो तेव्हा ओळखू येत नाही.

मी हो म्हणणार होतो. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. बायकोला विचारत होत्या.

बायकोनं मूर्ती तेव्हा पहिल्यांदाच नीट पाहिली. पुढे गेली, स्वतःचा हात त्या हातावर ठेवला, तळव्यावर तळवा. वरचा फिका, खालचा गडद. माझ्या तोंडात आलं होतं की वॉर्निशला बोटं लागतील. गिळलं.

मग तिनं सांगितलं की मूर्तीला बऱ्या माणसाचा हात लावून न्या, आणि मुलांना हा आजार शिकवायचा दिवस असेल तेव्हा बोलवा, ती स्वतः येईल.

हात मनगटाशी सुटा केला. नवा हात जुन्या सात नंबरनं करतोय, बाकीची कातडीही. कार्ड विटलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. आजारी हात कपाटात.

१८ जून

आज तो वर्ग झाला. साठ-सत्तर मुलं. मी मागच्या बाकावर. (अधिवृक्क तिथून खरंच दिसत नाहीत. पण मोठ्या करणार नाही.)

वाटलं होतं ती घाबरेल. पदर खोचून उभी राहिली आणि सरळ बोलायला लागली, जशी शेजारणीशी बोलते. थकवा, मीठ, चक्कर. मुलं लिहून घेत होती. मग म्हणाली, "मला अमुक होतंय हे मी यांना तीनदा सांगितलं होतं. एकदा तर हात रंगवतानाच. म्हटलं, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. हे म्हणाले, हात हलवू नकोस, उजेड जातोय."

मुलं हसली. तिनं हसू दिलं. मग म्हणाली की तुमच्यासमोर जो येईल त्याचा हात बघा, रेषा बघा, सगळं बघा, पण तो बोलत असेल तेव्हा मान वर करा.

घरी येऊन वही काढली. ४ फेब्रुवारी. चार तास लिहिलेत. गेरू १६ लिहिलाय. अंधारी नाही. 'हात हलवू नकोस' हेही नाही. बाकीच्या दोन वेळा कुठल्या तेही मला आठवत नाही, आणि वहीत सापडत नाहीत.

तिला विचारल्या. तिनं तारखांसकट सांगितल्या. इथे उतरवून ठेवतो : १७ जानेवारी, सकाळी, मी साचा उघडत होतो. ९ फेब्रुवारी, दुपारी, मी फोनवर नव्हतो, काही करत नव्हतो, नुसता कार्डाकडे बघत होतो.

१९ जून

इतकी वर्षं वाटायचं, ही वही म्हणजे जसंच्या तसं.

२३ ऑगस्ट

मॉडेलं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस आला होता, कॉलेजात हाताचं ऐकून. आजारी हाताचा साचा, रंगाचं प्रमाण आणि कार्ड त्यांना हवंय, पाचशे नग काढणार, प्रत्येकाखाली माझं नाव. आकडा त्यानं कागदावर लिहून सरकवला. मी म्हटलं, विचारून सांगतो. तो म्हणाला, कुणाला? मालक तुम्हीच ना?

आत जाऊन विचारलं. ती म्हणाली, ग्रंथी हव्या तेवढ्या द्या, हात माझा आहे.

बाहेर येऊन त्याला नाही म्हटलं. सव्वाचार लाख.